मुळाशी काय घातलंत?

वस्ताद वस्तरा चालवायला लागला की खुर्चीतला माणूस मान टाकून खुशाल डुलकी काढायचा, इतका त्याचा हात हलका. तीस वर्षांत आपल्या हातून कुणाच्या गालावर ओरखडा उठला नाही, असं तो छातीठोकपणे सांगायचा. आता ही निव्वळ थाप होती. नाहीतर दुकानात एवढी तुरटी कशाला लागली असती? पण थापही अर्धीच म्हणायची, कारण त्यातली निम्मी तुरटी गालांना लागतच नव्हती. ती मागच्या दारानं परसात जायची, बादलीत विरघळायची आणि हायड्रेंजियाच्या मुळाशी ओतली जायची.

पुढे दुकान, बाजूला दोन खोल्या आणि दोन्हींच्या मागे चिंचोळं परस. स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या विटांच्या भिंतीपर्यंत एका रांगेत सात झाडं. झाडं कसली, कमरेएवढी झुडपंच. पण मोसम आला की एकेका दांड्यावर शेकडो बारीक फुलांचा मिळून एक गड्डा धरायचा, चांगला माणसाच्या डोक्याएवढा. आणि या झाडाची एक गंमत आहे. फुलाचा रंग झाडाच्या हातात नसतो, मातीच्या हातात असतो. माती आंबट असली तर फूल निळं, माती चुन्याची असली तर गुलाबी. झाड तेच, मूळ तेच. वस्तादाच्या आधी त्या परसात कुणीतरी चुना भिजवायचा खड्डा केला होता; हातभर खणलं की अजून पांढरे गोळे निघायचे. तेव्हा त्याच्या नशिबी गुलाबीच होतं.

बरं, गुलाबीत वाईट काय आहे? काही नाही. परस कसं भरल्यासारखं दिसायचं. पण वस्तादाच्या डोक्यात निळ्यानं घर केलं होतं, आणि त्याला कारण पोस्टमास्तर. हे पोस्टमास्तर पेन्शन घेऊन चढावरच्या घरात राहायचे. त्यांच्या बागेतली माती जन्मजात आंबट. बोट न हलवता फुलं अशी निळीशार, की बघणाऱ्यानं बघत राहावं. दरवर्षी फुलांच्या प्रदर्शनात पहिला नंबर त्यांचा, आणि बक्षीस घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी दाढीला स्वारी वस्तादाच्याच खुर्चीत. तोंडाला फेस लावून झाला की आरशातून बघत विचारायचे, "काय वस्ताद, यंदा तरी?" एवढंच. पण तेवढ्यानं वस्तादाच्या तळपायाची आग मस्तकाला जायची. हातात वस्तरा असूनही तो गप्प राहायचा, याचं त्याच्या बायकोला फार कौतुक होतं.

नऊ वर्षं त्यानं काय म्हणून केलं नाही! चहाचा चोथा घातला, लिंबाच्या साली पुरल्या, कुणी सांगितलं म्हणून गंजके खिळे रोवले आणि त्यातला एक स्वतःच्याच टाचेत घुसवून घेतला. विहिरीच्या जड पाण्यात चुना असतो असं कळलं, तेव्हा छपराखाली पिंपं मांडून पावसाचं पाणी साठवलं. कळ्या धरायच्या आधीपासून दर पंधरवड्याला तुरटीचं पाणी. एवढं करून पदरात काय पडलं? मुका मार लागल्यासारखा जांभळट रंग, तोही चार दिवस. एका वर्षी बायकोनं मदत म्हणून हिवाळ्यात सगळ्या झाडांची डोकी छाटून टाकली. जुन्या दांड्यावरच फूल येतं हे तिला बिचारीला काय माहीत? सलूनवाल्याची बायको, तिला कापणं हीच मदत वाटली. त्या वर्षी एक गड्डा आला नाही आणि वस्ताद पंधरा दिवस तिच्याशी बोलला नाही.

गेल्या वर्षी मात्र हद्द झाली. हात सैल पडला, तुरटी जास्त झाली आणि मधलं झाड करपून काळं पडलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "झालं समाधान? आणखी काय जाळायचं राहिलंय तेवढं सांगून ठेवा." मग वस्तादानं कानाला खडा लावला. तुरटीचा डबा दुकानातल्या फळीवर गेला तो गेलाच. करपलेलं झाड आपलं आपण फुटलं. या वर्षी त्यानं मुळाशी चिमूटभरही काही घातलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

हिवाळ्यात वस्तादाची लेक नवऱ्याला कायमचा रामराम करून माहेरी आली, कडेवर पोरगी घेऊन. पोरगी साडेतीन वर्षांची. लेक बेकरीत कामाला लागली. उजाडायच्या आत जायची ती दिवेलागणीला परत. पोरगी दिवसभर आजी-आजोबांकडे. तिला घरात सगळे टकळी म्हणायचे, कारण डोळे उघडल्यापासून तिचं तोंड बंद म्हणून नसायचं. "आबा, मुंगीला गुडघे असतात का?" "आबा, आरशातल्या माणसाची दाढी कोण करतं?" एकदा खुर्चीत बसलेल्या टकल्या गिऱ्हाइकाकडे बोट दाखवून तिनं विचारलं, "आबा, हे कशाला आले?" ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. वस्तादाला त्याचं काही वाटलं नाही, उलट तो दिवसभर तोच किस्सा सांगत बसला. त्याचा जीव त्या पोरीत अडकला होता. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो तिला खांद्यावर घेऊन सातही झाडांची फेरी मारायचा, आणि फुलं नसली तरी ती त्यानं शिकवल्याप्रमाणे एकेका झाडाला हात लावून "गुलाबी, गुलाबी, गुलाबी" म्हणायची.

त्याच सुमारास मागच्या भिंतीपलीकडची ओसाड शेड एका माणसानं घेतली. पाटी नाही, काही नाही. वस्तादाच्या बायकोला ते भंगाराचं गोदाम वाटायचं. लेक तर त्या बाजूला कधी फिरकलीच नव्हती. वस्तादाला तो माणूस भेटला तो दाढीमुळे. दर तिसऱ्या दिवशी यायचा, अंगातल्या शर्टाला चाळणीसारखी भोकं. "उंदरांनी खाल्ला की काय रे?" वस्तादानं विचारलं होतं. "उंदीर परवडले हो," तो हसून म्हणाला, "बॅटरीचं पाणी उडतं." गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या आणून फोडायच्या आणि आतलं शिसं काढून वितळवायचं, हा त्याचा धंदा. माणूस मनानं सरळ होता. बॅटरीवाला हेच त्याचं नाव पडलं.

मोसम आला. कळ्या फुगल्या, आणि एका सकाळी टकळी खांद्यावरून ओरडली, "आबा, निळं!"

भिंतीलगतचं पहिलं झाड निळं झालं होतं. जांभळट नव्हे, निळं, दौतीतल्या शाईसारखं. दुसरंही निळं. तिसऱ्याचं भिंतीकडचं अंग निळं आणि दुसरं गुलाबी. पुढच्या चार झाडांवर सावली असायची, त्यांच्या कळ्या अजून मिटलेल्याच होत्या. वस्तादानं पोरीला खाली ठेवलं आणि तो तिथंच मातीत फतकल मारून बसला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. नऊ वर्षं, हो! टकळी त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "आबा, निळं झालं म्हणून रडू नको. उद्या गुलाबी होईल."

दुपारपर्यंत अख्खी गल्ली परसात येऊन गेली. संध्याकाळी काठी टेकत पोस्टमास्तर आले. पहिल्या झाडापाशी वाकले, एक गड्डा तळहातावर तोलून पाहिला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "काय घातलंस रे मुळाशी?"

इथं वस्तादानं खरं सांगायला हवं होतं. मी काही घातलं नाही, मलाही कोडंच आहे, बास. पण पोस्टमास्तरांचं तोंड एवढंसं झालेलं तो जन्मात पहिल्यांदा बघत होता. नऊ वर्षांचा उपास एका घासात सुटत होता. तो मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, "ते सांगायचं नसतं, मास्तर."

सगळे गेल्यावर मात्र त्याला चैन पडेना. असं कसं झालं? निळं भिंतीकडून सुरू झालंय, म्हणजे जे काही येतंय ते भिंतीकडून येतंय, एवढं कळायला काही विद्वान असायला नको. त्यानं पिंप पालथं घातलं, वर चढला आणि पलीकडे डोकावला. खाली बॅटरीवाला काळ्या पेट्यांवर कुऱ्हाड घालत होता. पेटी फुटली की उचलून आतलं पाणी भिंतीलगतच्या चरात ओतायचा. चर भरलेला होता.

"काय रे ते?"

"जुनं तेजाब हो वस्ताद. कुठं टाकणार?"

"आंबट असतं?"

"जीभ लावून बघता का?" बॅटरीवाला म्हणाला आणि दोघंही हसले.

वस्ताद पिंपावर उभ्या उभ्या बराच वेळ हसत राहिला. माती आंबट करायला तो नऊ वर्षं चिमटीचिमटीनं तुरटी घालत बसला होता, आणि हा बाबा बादल्याच्या बादल्या ओतत होता.

इथवर जे झालं ते आपसूक झालं, त्यात वस्तादाला बोल लावता यायचा नाही. पुढचं त्यानं स्वतःच्या हातानं केलं. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाल्याच्या तोंडाला फेस लावता लावता तो म्हणाला, "तुझी दाढी जन्मभर माझ्याकडे लागली. माझं एक काम कर." काम एवढंच, की चरातलं पाणी जरा अलीकडेही येऊ द्यायचं. कळी उघडायच्या आत माती बदलली तर रंग बदलतो, आणि चार झाडं अजून हातात होती. प्रदर्शनाला सहा आठवडे होते. दुपारी दुकान बंद ठेवून वस्तादानं भिंतीच्या तळाच्या दोन विटा छिन्नीनं काढल्या आणि तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बोटभर खोल पाट काढला. बॅटरीवाल्याला मात्र दोष देऊ नये. तो म्हणाला होता, "वस्ताद, जपून हं. घरात लहान मूल आहे, हे ओंगळ काम आहे." त्यावर वस्ताद म्हणाला, "मला शिकवतोस?" आणि त्याच दिवशी बाजारात जाऊन त्यानं टकळीला लाल रबरी बूट आणले, पायाला भाजू नये म्हणून. तो पाटात पावसाचं पाणी ओतून तेजाब पातळही करायचा. एवढी काळजी घेतली की झालं, असं त्याला वाटलं. तेजाब भाजतं, हे त्याला माहीत होतं. तेजाबाबरोबर भोकातून राखाडी गाळ यायचा तो भाजत नव्हता, म्हणून त्याकडे त्यानं लक्षच दिलं नाही.

टकळीला तो गाळ फार आवडला. मऊ, चिकण, हाताला गार. लाल बूट घालून ती दिवसभर पाटाकाठी बसायची, त्याचे गोळे वळायची आणि एकेक दुकानात आणून द्यायची. "घे आबा, दाढीचा साबण." वस्ताद तो साबण गालाला लावल्यासारखं करायचा, गिऱ्हाइकं हसायची. पोरीचे हात आजी धुवायची, पण दिवसातून किती वेळा धुणार? त्या वयाच्या पोरांचं बोट कधी तोंडात जातं, कळतं का?

तीन आठवड्यांनी चौथं झाड निळं उघडलं, मग पाचवं.

टकळीचं पोट दुखायला लागलं. आधी आजीला वाटलं खाण्याचं नाटक आहे. मग दोन-दोन दिवस पोट साफ होईना. दूध समोर धरलं की ती कप ढकलून द्यायची, ती, जी कप चाटून पुसून ठेवायची. चेहरा फिका पडला. कारण नसताना किंचाळायची, मग एका जागी बसून राहायची. आजीनं ओवा दिला, एरंडेल दिलं, जंताचं औषध दिलं. एका सकाळी आजी दुकानाच्या दारात येऊन म्हणाली, "अहो, कालपासून पोरीनं मला एक प्रश्न विचारला नाही." वस्ताद हसला, "बरं झालं की, तुझ्या डोक्याची कटकट गेली."  पण दुसऱ्या दिवशी झाडांच्या फेरीत ती काहीच बोलली नाही. त्यानं विचारलं, "टकळे, हे कुठलं?" तिनं झाडाकडे बघितलं आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

लेकीनं बेकरीतून अर्ध्या दिवसाची सुटी काढली. दवाखान्यात तिघं गेली, वस्ताद, लेक आणि तिच्या कडेवर पोरगी. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिनं पोरीच्या पापण्या ओढून पाहिल्या, हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं. मग विचारायला लागली. काय खाते, कुठं खेळते, माती खाते का?

"दिवसभर मी घरी नसते," लेक म्हणाली, "बाबांना माहीत."

डॉक्टरीणबाई वस्तादाकडे वळली. "आजोबा, घराजवळ काही कारखाना वगैरे? जुना रंग खरवडण्याचं काम, बॅटऱ्या, शिसं वितळवणं, असलं काही?"

हीच ती घडी. प्रश्न अगदी सरळ होता. बॅटऱ्या हा शब्द तिनं आपणहून उच्चारला होता. प्रदर्शन चार दिवसांवर आलं होतं. आदल्या साली कुणीतरी विकतची फुलं आणून मांडली होती, म्हणून यंदापासून परीक्षक घरी येऊन झाडं बघणार होते. खरं सांगावं तर उद्या सकाळी तपासणीची माणसं येणार, भोक बघणार, पाट बघणार, परस उकरणार. आणि गल्लीला कळणार की वस्तादाचं निळं त्याचं नव्हतंच, ते भिंतीपलीकडच्या घाणीचं होतं. पोस्टमास्तरांचा आरशातला चेहरा त्याला दिसला. चारच दिवस, तो मनात म्हणाला. चार दिवसांत काय आभाळ कोसळतंय? पाचव्या दिवशी मी स्वतः विटा बसवतो, आणि पोरीला परसात पाऊल टाकू देत नाही.

"नाही बुवा," तो म्हणाला. "आमची साधी गल्ली आहे."

डॉक्टरीणबाईनं त्याच्याकडे क्षणभर बघितलं, मग कागदावर लिहिलं. रक्त कमी आहे म्हणाली, ताकदीचं औषध देते, आठ दिवसांनी आणा. लेकीनं बाहेर येताना बापाचा हात धरला. "तुम्ही आहात म्हणून बरं आहे, बाबा," ती म्हणाली. वस्तादाला तिच्याकडे बघवेना. तो पोरीच्या बुटाचा बंद बांधायला वाकला, आणि रबरी बुटाला बंद नसतो हे वाकल्यावर त्याच्या लक्षात आलं.

चार दिवस त्यानं पोरीला खरोखरच परसात जाऊ दिलं नाही. दार लावून घेतलं. ती दाराशी बसून राहायची. भिंतीतलं भोक तसंच राहिलं, पाटाकाठी फुलांचा बहर होता. परीक्षकबाई आल्या, वही घेऊन सातही झाडांपाशी थांबल्या. साडेसहा झाडं निळी होती. "काय घातलंत मुळाशी?" त्यांनीही विचारलं, आणि वस्ताद म्हणाला, "मेहनत, बाई." पहिला नंबर आला. फोटो काढला. फोटोत वस्ताद टकळीला कडेवर घेऊन उभा आहे, तिच्या हातात निळा गड्डा आहे, आणि ती त्याच्याकडे बघतच नाहीये. पोस्टमास्तरांनी पुढे येऊन त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मानलं तुला." नऊ वर्षं या दोन शब्दांची वाट बघितली होती. मिळाले, आणि घशाखाली उतरेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो विटा घेऊन परसात गेला. सिमेंट कालवत होता, तेवढ्यात घरातून बायकोची किंकाळी ऐकू आली. पोरगी स्वयंपाकघराच्या फरशीवर ताठ झाली होती. डोळे फिरलेले, तोंडाला फेस, हातपाय झटके देत होते. वस्तादानं तिला उचललं आणि सिमेंटच्या हातांनीच तो रस्त्यावर धावत सुटला.

मोठ्या इस्पितळात तीच डॉक्टरीणबाई आली, कुणीतरी तिला बोलावून घेतलं असावं. लेक बेकरीतून तशीच आली होती, केसांत पीठ. आतून बाहेर येऊन डॉक्टरीणबाई म्हणाली, "रक्तात शिसं आहे. खूप आहे. हवेतून नाही येत एवढं. कुठून आलं?"

वस्तादानं सांगितलं. भिंत, शेड, चर, दोन विटा, पाट, गाळाचा साबण. एकदा बोलायला लागल्यावर तो थांबेना. सगळं सांगून झालं तेव्हा डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी मी विचारलं, तेव्हा हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग?"

"फुलं होती," वस्ताद म्हणाला. दुसरं काही त्याला सुचलंच नाही, कारण दुसरं काही नव्हतंच.

लेक ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, मी तुमच्या शेजारी उभी होते." मग ती आत गेली, आणि त्या दिवसापासून बापाशी कामापुरतंही बोलली नाही.

पोरगी जगली. इंजेक्शनांनी रक्तातलं शिसं आठवड्या-आठवड्यानं उतरवलं. डॉक्टरीणबाईनं साफ सांगितलं, की रक्तातलं निघेल, पण डोक्यात जे झालंय ते किती भरून येईल याचा शब्द मी देणार नाही. त्या दिवशीच खरं कळलं असतं तर वेगळं झालं असतं का, असं आजीनं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, "असतं कदाचित." बॅटरीवाला बिऱ्हाड गुंडाळून कुठं गेला कुणास ठाऊक. तपासणीची माणसं आली, त्यांनी माती डबीत भरून नेली, भोक बुजवलं आणि सांगितलं की खणायचं नाही, उपटायचं नाही, धूळ उडेल. वरून जाड कापड टाकून दार बंद ठेवा. लेकीनं बेकरीच्या वर एक खोली घेतली आणि पोरीला घेऊन ती गेली. बक्षिसाचा पेला वस्तादाच्या बायकोनं कचऱ्यात टाकला. वस्तादानं तो काढून आणला नाही.

वर्ष गेलं. परसाचं दार बंदच होतं, पण मातीनं धरलेलं सोडलं नव्हतं. मोसम आला आणि पाणीही न घातलेली सातही झाडं निळी फुलली, गेल्या साली अर्धं राहिलेलं तिसरंसुद्धा. दुकानाच्या मागच्या खिडकीतून ती दिसायची, आणि खिडकी आरशासमोर, म्हणून दाढी करताना गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आरशात सगळं निळंच निळं. वस्तादानं खिडकीला पडदा लावला. बायकोनं तो ओढून काढला. "असू दे," ती म्हणाली, "बघा. रोज बघा."

एका सकाळी बायको टकळीला घेऊन दुकानात आली. पोरीचे केस डोळ्यांवर आले होते आणि कात्री बघितली की ती कुणालाही जवळ येऊ देत नव्हती. लेकीचा नाइलाज झाला होता. वस्तादानं खुर्चीच्या हातांवर फळी टाकली, तिला वर बसवलं, मानेभोवती कापड बांधलं. त्याच्या हाताला मात्र ती घाबरली नाही, निमूट बसली. वस्ताद एकेक बट उचलून कापत होता, आणि सवयीनं वाट बघत होता. आत्ता विचारेल, कापलेल्या केसांना दुखतं का. आत्ता विचारेल, आरशातल्या पोरीचे केस कोण कापतं. समोर आरशात सात झाडं होती. पोरीची नजर त्यांच्यावरच खिळली होती.

"टकळे," तो तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, "कुठला रंग गं?"

तिनं ओठ हलवले. वस्तादाची कात्री थांबली. ओठ पुन्हा मिटले. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, ती त्यानं कापडाच्या टोकानं टिपली.

बाकड्यावर एक नवखं गिऱ्हाईक बसलं होतं, बाहेरगावचं, बोलघेवडं. खिडकीतून बघून ते म्हणालं, "वा! काय रंग आहे हो. आमच्याकडे मरमर मेलं तरी गुलाबीच येतात. काय घातलंत मुळाशी?"

"नात घातली," वस्ताद म्हणाला.

गिऱ्हाईक हसायला लागलं. मग त्यानं आरशात पोरीकडे बघितलं, वस्तादाच्या बायकोकडे बघितलं, आणि वर्तमानपत्र उचलून तोंडासमोर धरलं. वस्तादानं पोरीच्या मानेवरचे बारीक केस फुंकरीनं उडवले, तिची हनुवटी दोन बोटांनी सरळ केली आणि राहिलेली बाजू कापायला घेतली.